हिरवा चाफा अंगणात लावायचा तर

मुंबई-पुण्याची नोकरी आटोपून गावी घर बांधलेली, किंवा जमीन घेऊन कोकणात नव्यानं राहायला आलेली माणसं पहिल्याच पावसाळ्यात नर्सरी गाठतात आणि बोगनवेल, मधुमालती, पॅशनफ्रूट असं जे दिसेल ते घेऊन येतात. त्यात वाईट काही नाही. पण अंगणात एकाच वेलाला जागा असेल, तर माझं मत विचाराल तर हिरवा चाफा लावा. आपल्या दमट हवेत तो मजेत वाढतो, बारा महिने हिरवा राहतो आणि एकदा मुळं धरली की पिढी-दोन पिढ्या हलत नाही. कोकणातल्या जुन्या घरांच्या आगरात, विहिरीपाशी नाहीतर गडग्याच्या कोपऱ्यात, आजही असे वेल आहेत ज्यांचं खोड मांडीएवढं झालंय आणि ते कोणी लावले हे घरात कुणाला सांगता येत नाही.

तरीही नव्यानं लावलेले हिरवे चाफे मरतात, किंवा जगतात पण फुलत नाहीत. याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. लहान असताना पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचतं, आणि मोठा झाल्यावर कुणीतरी उत्साहानं कोयता घेऊन त्याला तासून ठेवतं. ही दोन संकटं टाळली तर बाकी फार काही करावं लागत नाही.

आधी रोप ओळखा

हिरवा चाफा सोनचाफ्याचा किंवा देवचाफ्याचा भाऊ नव्हे. तो सीताफळ-रामफळाच्या कुळातला आहे. शास्त्रीय नाव आर्टाबोट्रिस हेक्सापेटालस. मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचा. पानं लांबट, टोकदार, वरून तकतकीत गडद हिरवी, एकाआड एक लागलेली. लहान रोपाकडे पाहून हा वेल आहे असं वाटतच नाही. दोन-तीन वर्षं तो झुडपासारखा वाढतो, मग लांब लवचिक फांद्या बाहेर काढतो आणि त्या आधार शोधू लागतात.

नर्सरीत फसगत होते ती इलांग-इलांगशी. अत्तराच्या धंद्यात प्रसिद्ध असलेलं हे झाड याच कुळातलं, त्याची फुलंही आधी हिरवी आणि मग पिवळी होणारी, वासाचीही. काही विक्रेते दोन्ही रोपं एकाच नावानं देतात. फरक फुलात सहज कळतो: इलांग-इलांगच्या पाकळ्या पातळ, लांब आणि पिळवटून खाली लोंबणाऱ्या, तर हिरव्या चाफ्याच्या सहा पाकळ्या आखूड, जाड, मांसल. फूल नसेल तर फांदी पाहा. हिरव्या चाफ्याला आकड्या असतात. इलांग-इलांगला नसतात, आणि ते वेल नसून झाड आहे. त्याची कुंडीत लावायची ठेंगणी जातही मिळते. अगदी कोवळ्या रोपाला आकड्या आलेल्या नसतात, म्हणून नर्सरीवाल्याकडे मातृवृक्ष दाखवायला मागा. ज्याच्याकडे मोठा वेल आहे आणि ज्यानं त्यावरच कलमं बांधली आहेत, त्याच्याकडूनच रोप घेतलेलं उत्तम.

ही आकडी नीट पाहून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फांदीवर पानाच्या समोरून एक जाडसर, चपटा, आत वळलेला हूक निघतो. कोवळा असताना हिरवा आणि लवचिक. वाऱ्यानं फांदी हलली की तो शेजारच्या तारेला, काठीला किंवा स्वतःच्याच दुसऱ्या फांदीला अडकतो, आणि एकदा काही हाती लागलं की जाड होऊन लाकडासारखा टणक बनतो. मग तो हातानं सुटत नाही. पण हा नुसता पकडीचा अवयव नाही. हिरव्या चाफ्याचं फूल याच आकडीवर येतं. आकडी म्हणजे फुलोऱ्याचा देठ, वेलाचा हात आणि फुलाची जागा एकच. म्हणून ज्यानं आकड्या छाटल्या त्यानं फुलं छाटली.

कलम घ्यावं की बी

गुटी कलम घ्या, म्हणजे वेलावरच्याच फांदीला मुळं फुटवून मग वेगळं केलेलं रोप. बियांपासूनही वेल होतो, पण बी उगवायला महिने लागू शकतात आणि उगवलेलं रोप फुलावर यायला काही वर्षं घेतं. तेवढा दम असेल आणि शेजारी पिकलेले घोस असतील तर जरूर पेरा, पण ताजं बी पेरा. वाळवून डब्यात ठेवलेलं बी फारसं उपयोगी पडत नाही. कलम दोन-तीन वर्षांत फुलतं.

रोप निवडताना उंचीवर जाऊ नका. दीड-दोन फुटांचं, बुंध्याशी पेन्सिलीहून जाड, तळाशी दोन-तीन फांद्या फुटलेलं कलम चार फुटी एकाकी काठीपेक्षा बरं. पिशवीच्या भोकातून मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरलेली असतील, तर ते रोप तिथून उचलताना मुळं तुटणार. असं रोप नको.

जागा

दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळालं पाहिजे. गर्द सावलीत वेल वाढतो, हिरवागारही दिसतो, पण फुलं तुरळक येतात. माडाखालचं उन्हसावलीचं ऊन चालतं. आंब्या-फणसाखाली लावू नका.

समुद्र अगदी समोर असेल तर पश्चिमेचं खारं वारं मोठा प्रश्न आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला वादळी वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे तुषार आत येतात आणि कोवळी पालवी भाजल्यासारखी काळी पडते. अशा ठिकाणी घराच्या पूर्वेला किंवा दक्षिण-पूर्वेला, घराच्या आडोशानं लावा. मध्ये उंडी, केवडा किंवा सुरूची रांग असेल तर तीच तुमची ढाल.

घराच्या भिंतीपासून निदान पाच-सहा फूट अंतर सोडा. हिरवा चाफा कौलांवर चढला तर कौलं सरकवतो, आणि त्याच्या आकड्या पन्हळीत अडकल्या की पावसाळ्यात पाणी घरात. पागोळ्यांच्या धारेखाली तर मुळीच नको. जूनमध्ये छपराचं सगळं पाणी त्याच रेषेत पडत असतं, माती उकरली जाते आणि मुळं उघडी पडतात.

सुवासिक वेलावर साप येतो, म्हणून हिरवा चाफा घराजवळ लावू नये, असं गावात कुणीतरी हमखास सांगेल. साप वासाला भुलून येत नाही. दाट वेलाखाली बेडूक, पाली, उंदीर असतात, पक्ष्यांची घरटी असतात, दुपारी गारवा असतो. साप त्यासाठी येतो. सांगणाऱ्याचा अनुभव खरा आहे, कारण वेगळं आहे. म्हणून वेल लावा, पण बुंध्यापासून दीड-दोन फुटांपर्यंतच्या खालच्या फांद्या काढून जमीन उघडी ठेवा आणि तिथे चिऱ्यांचे तुकडे, जुनी कौलं, लाकडं रचून ठेवू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्यावर फुरसं कमी नाही आणि ते दगडांच्या फटीतच बसतं. हिरवागार हरणटोळ वेलाच्या पानांत मिसळून जातो, तो माणसाला धोकादायक नाही, पण हात घालण्याआधी काठीनं फांद्या हलवायची सवय लावून घ्या. फुलं काढायला संध्याकाळी जाणार असाल तर विजेरी घेऊन जा.

खड्डा, आणि पावसाचं पाणी

खड्डा एप्रिलमध्ये किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात काढा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या. हुमणीच्या अळ्या, वाळवी, बुरशी बरीचशी त्यात मरते.

भरताना खाली नारळाची सोडणं आतली बाजू वर करून एक थर लावा. पावसाळा संपल्यावर ती पाणी धरून ठेवतात आणि दोन-तीन वर्षांत कुजून खत होतात. त्यावर वरची माती, दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक किलो कडुनिंबाची किंवा करंजाची पेंड एकत्र करून भरा. खालचा मुरूम परत आत टाकू नका, तो बाहेर बांधाला वापरा. ताजं शेण नको. ते आत तापतं आणि त्याच्यामागे हुमणी येते.

दोन फूट खणण्याआधीच कातळ लागला, असं सड्यावर किंवा उतारावर हमखास होतं. पहार घेऊन कातळात वाटी कोरत बसू नका. ती वाटी पावसाळ्यात तळं होते आणि मुळं त्यात कुजतात. त्याऐवजी चिरे रचून दीड-दोन फूट उंच, तीन बाय तीन फुटांचा चौथरा करा, चिऱ्यांमध्ये सिमेंट न भरता फटी तशाच ठेवा आणि त्यात बाहेरची माती भरा. किनाऱ्यालगत पुळणीची, म्हणजे वाळूची, जमीन असेल तर उलट अडचण असते, पाणी थांबतच नाही. तिथे खड्ड्यात शेणखत दुप्पट घ्या आणि तळ्याकाठची किंवा शेतातली चिकणमाती दोन घमेली मिसळा.

आता पाण्याचा निचरा. कोकणात वर्षाला साधारण 2500 ते 3500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नंतरचे सात-आठ महिने आभाळ कोरडं. म्हणजे एकाच रोपाला आपण आधी बुडण्यापासून आणि मग तहानेपासून वाचवायचं असतं. देशावरून आलेली माणसं लावणीच्या दिवशीच रोपाभोवती छान खोलगट आळं करतात, कारण तिकडे तीच रीत आहे. इथे जूनमध्ये ते आळं म्हणजे डबकं.

म्हणून खड्डा भरताना माती जमिनीच्या वर वीतभर येऊ द्या. ती बसल्यावरही चार बोटं उंच राहिली पाहिजे. रोप या उंचवट्याच्या माथ्यावर लावा आणि उताराच्या बाजूला एक चर काढून पाण्याला वाट द्या. पाऊस गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, तीच माती बाहेर ओढून भोवती आळं करा. पुढच्या मेमध्ये पुन्हा माती बुंध्याकडे ओढा. पावसात उंचवटा, थंडी-उन्हाळ्यात आळं: पहिली तीन वर्षं एवढी अदलाबदल केलीत तर रोप मरण्याचं मोठं कारण संपलं. नंतर वेल स्वतःला सांभाळतो.

लावणी

मृगाच्या पहिल्या सरीला धावू नका. जमीन चांगली भिजू द्या, दोन-चार दिवस पाऊस लागू द्या, मग लावा. साधारण जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. अंगणात पाणी तुंबतंच अशी जागा असेल तर सरळ ऑगस्टअखेर थांबा. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि मुळं धरायला अजून महिना-दीड महिना ओल मिळते.

पिशवी ब्लेडनं उभी चिरा, ओढून काढू नका. गुटी कलमाची मुळं ठिसूळ असतात, मातीचा गोळा फुटला की तीही तुटतात. गोळा पिशवीत होता त्याच पातळीवर ठेवा, खोड जास्त खोल गाडू नका, भोवतीची माती हातानं दाबा, पायानं तुडवू नका. शेजारी एक काठी रोवून सुंभानं सैल बांधा. गुरं मोकळी फिरत असतील तर लगेच वई, म्हणजे कुंपण, घाला.

मांडव

पहिल्या दोन वर्षांत मांडव लागत नाही, आणि म्हणून तो करायचा राहून जातो. मग तिसऱ्या वर्षी लांब फांद्या मिळेल त्याला पकडतात: कपडे वाळत घालायची दोरी, विजेची वायर, शेजारची पोफळ. पोफळीवर हिरवा चाफा चढू देऊ नका. पोफळीचं खोड बारीक, वरती वेलाचा ओला भार आणि पावसाळी वारा, शिवाय सुपारी काढायला चढणाऱ्या माणसाला त्या आकड्या सोलून काढतात.

बांबूचा मांडव दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो, आणि तेव्हा त्यावर वेल नेमका भरात असतो. बांबू बदलायला वेल सोडवता येत नाही, कारण आकड्या सुटत नाहीत. शेवटी वेल कापावा लागतो. म्हणून खर्च करायचा तर इथेच करा. चिऱ्याचे किंवा सिमेंटचे चार खांब, आठ फूट अंतरावर, जमिनीच्या वर सात फूट आणि खाली दोन फूट गाडलेले. वरती जीआय पाइप आणि त्यावर दीड-दीड फुटावर गॅल्व्हनाइज्ड तार. साध्या लोखंडाला समुद्राची हवा खाते. वापरायचंच असेल तर रेड ऑक्साइडचे दोन हात देऊन मग रंग लावा, आणि दरवर्षी उन्हाळ्यात सांधे तपासा.

मजबुतीबद्दल एवढं बजावून सांगतो कारण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. पावसाळ्याच्या तोंडावरच वेल पानांनी सर्वात जड असतो. मेच्या मध्याला मांडवाबाहेर झेपावलेल्या, वाऱ्यात फटके मारणाऱ्या लांब फांद्या तेवढ्या काढून टाका. बाकीच्याला हात लावू नका.

फांद्या मांडवापर्यंत नेईतो सुंभानं बांधत जा. नायलॉनची दोरी खोडात रुतते. वर पोचल्यावर त्यांना तारांवर आडवं पसरवा. सरळ वर जाणारी फांदी नुसतीच पळते, आडवी केलेली फांदी जागोजाग फुटवे देते, आणि आकड्या या फुटव्यांवर येतात.

मांडवाला जागाच नसेल तर हिरवा चाफा छाटून मोठ्या झुडपासारखा ठेवता येतो. गच्चीवर अठरा-वीस इंची कुंडीतही जगतो, फुलं कमी देतो एवढंच.

पाणी आणि खत

पावसाळ्यात पाणी शून्य. ऑक्टोबरच्या उकाड्यापासून मेअखेरपर्यंत पहिली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा, दरवेळी आठ-दहा लिटर, पुळणीत तीनदा. रोज थोडं-थोडं शिंपणं सगळ्यात वाईट, मुळं वरच राहतात. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात आठवड्याला एकदा वीस-पंचवीस लिटर पुरतं. घरातलं कपडे धुतलेलं साबणाचं पाणी त्याच्याकडे वळवू नका.

आळ्यात पालापाचोळ्याचा चार बोटं जाड थर ठेवा, बुंध्याला मात्र टेकवू नका. तिथे वाळवी लागते.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेत मचूळ होतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळू लागल्या, मधला भाग हिरवाच राहिला, तर खत कमी पडलं असं समजून खत घालू नका. ते मीठ आहे. शक्य असेल तर त्या दोन महिन्यांपुरतं नळाचं किंवा साठवलेलं गोडं पाणी द्या. पहिल्या चार-सहा जोरदार सरींत जमिनीतलं मीठ धुऊन जातं.

खत वर्षातून दोनदा: पावसाच्या सुरुवातीला आणि आळं करताना, दरवेळी दोन घमेली शेणखत किंवा गांडूळ खत आणि अर्धा किलो पेंड. युरिया देऊ नका. वेल पानांनी गच्च होईल आणि आकड्या शोधाव्या लागतील.

छाटणी

मुख्य बहर उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर असतो, एरवी एखाद-दुसरं फूल मिळत राहतं. म्हणून छाटणी पाऊस गेल्यावर, आळं करतानाच उरकायची. फेब्रुवारीनंतर कोयता लावला तर येणारा बहर गेला.

काय कापायचं: वाळलेल्या फांद्या, मांडवाखाली उन्हाविना पिवळ्या पडलेल्या बारीक काड्या, बुंध्यापासून फुटलेले सरळसोट धुमारे, आणि जमिनीकडे लोंबणारा पसारा. मांडवाच्या वर दाट झालेल्या भागातून चार-पाच जुन्या फांद्या मुळाशी काढून खिडक्या करा, ऊन आत उतरलं पाहिजे. वेलाच्या एकूण पसाऱ्याच्या पाव हिश्शाहून जास्त एका वर्षात काढू नका.

आणि आकड्यांच्या फांद्या सोडा. जुन्या लाकडावरच्या काळपट आकड्या निरुपयोगी दिसतात, नीटनेटकेपणाची आवड असलेला माळी त्या आधी उडवतो. त्याला कापायला सांगण्याआधी एक आकडी हातात धरून दाखवा. सांगून कळत नाही, दाखवून लगेच कळतं. कात्रीच वापरा, कोयता नको, आणि पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घाला.

दोन-तीन वर्षं झाली, वेल जोमात आहे, ऊन आहे, तरी फूल नाही, असं झालं तर आधी आकड्या आहेत का पाहा. आकड्या असतील तर फूल बहुतेक येतंय, तुम्हाला दिसत नाहीये.

फूल शोधणं

कारण फूल पानाच्याच रंगाचं. आकडीच्या पाठीवर कळी येते, तिच्या पाकळ्या फिक्या हिरव्या, आणि ती उमलली तरी पानांत मिसळूनच राहते. या अवस्थेत वासही जेमतेम. पुढच्या काही दिवसांत पाकळ्या मोठ्या आणि जाड होतात, हिरव्याला पिवळी झाक येते, आणि मग एकदम पिकलेल्या फळासारखा गोड, दाट वास सुटतो. कुणाला त्यात पिकलं केळं येतं, कुणाला अननस. संध्याकाळी हवा पडली की वेलाखाली उभं राहून नाकानं दिशा घ्यायची आणि मग आकड्यांच्या रांगेवर नजर फिरवायची. खालून, आभाळाच्या बाजूला पाहिलं तर फूल लवकर सापडतं, कारण पाकळ्यांतून उजेड पानापेक्षा वेगळा दिसतो.

पिवळी झाक आलेलं फूलच काढा, पूर्ण पिवळं झालेलं हातात येताच पाकळ्या गाळतं. ओढू नका, आकडीला धक्का न लावता फुलाचा छोटा देठ नखानं खुडा. एक फूल वाटीभर पाण्यात ठेवलं तर खोली भरते. बायका वेणीत एकच माळतात, गजऱ्याचं काम नाही. कपड्यांच्या कपाटात ठेवणार असाल तर रुमालात गुंडाळून ठेवा, पाकळ्यांचा डाग पडतो.

पाकळ्यांच्या तळाशी आतल्या बाजूला एक बंद कोनाडा असतो आणि त्यात कधी बारीक भुंगेरे बसलेले दिसतात. ते कीड नव्हेत, परागीभवन तेच करतात. त्यांच्यामुळेच पुढे हिरव्या फळांचे घोस लागतात, जे पिकल्यावर पिवळे होतात आणि त्यांनाही वास असतो. ती फळं खायची नाहीत.

रोग-किडी

फार नाहीत. कोवळी पानं कुरतडलेली दिसली तर बहुधा टेल्ड जे या फुलपाखराची अळी असेल. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं हे चपळ फुलपाखरू सीताफळाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. मोठ्या वेलाला त्यानं काही होत नाही, राहू द्या. अगदी लहान रोपावर असेल तर अळी हातानं उचलून मोठ्या वेलावर किंवा आसुपालवावर सोडा.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड थंडीत येतात, मागोमाग मुंग्या आणि पानांवर काजळीसारखी बुरशी. लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब साबणद्रव घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यानं पुन्हा. फुलं असताना फवारू नका.

पावसाळ्यात पानं पिवळी पडून एकदम गळू लागली तर माती उकरून मुळं पाहा. काळी, मऊ आणि कुजका वास येणारी असतील तर आधी चर खणून पाणी काढा. मग एक टक्का बोर्डो मिश्रण बुंध्याशी ओता. सुपारीच्या कोळेरोगासाठी शेजारी बागायतदार ते बनवतच असतो, त्याच्याकडूनच बादलीभर मागून आणा. स्वतः करायचं तर दहा लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळवून, थंड झाल्यावर एकत्र करून गाळलेलं. लोखंडी बादली नको. त्याच दिवशी वापरायचं. शंका असेल तर रोगट फांदी आणि मूठभर माती घेऊन दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधा.

स्वतःच्या वेलावर गुटी बांधणं

वेल फुलू लागला की शेजारी-पाजारी, माहेरवाशिणी, पाहुणे सगळेच रोप मागतात. फांदी खोचून हिरवा चाफा सहसा जगत नाही, म्हणून गुटीच शिकून घ्या.

जूनअखेर किंवा जुलैत, मागच्या वर्षी वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड, साल हिरवी जाऊन तपकिरी होऊ लागलेली फांदी निवडा. टोकापासून दीड फुटावर, एका पेराच्या लगेच खाली, धारदार चाकूनं गोल चिरा. त्याखाली इंचभर अंतरावर दुसरा चिरा. मधली साल अंगठीसारखी सोलून काढा. खाली पांढरं लाकूड दिसेल, त्यावर एक बुळबुळीत थर असतो. तो चाकूच्या पाठीनं पूर्ण खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येतच नाहीत. गुटी फसण्याचं मुख्य कारण हेच. खरवडलेल्या भागाच्या वरच्या कडेला मुळं फुटवणारी पावडर असेल तर चिमूटभर लावा. ओलं करून पिळलेलं शेवाळ मूठभर भोवती गुंडाळा, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी आत भरून सगळं कुजतं.

मुळं प्लास्टिकमधून दिसायला दोन-तीन महिने लागतात, कधी अधिक. पांढऱ्या मुळांना तपकिरी छटा येईपर्यंत थांबा. मग एकदम न तोडता गुटीच्या खाली फांदी अर्धी कापा, आठवड्याभरानं पूर्ण. प्लास्टिक काढा, शेवाळ तसंच राहू द्या, निम्मी पानं कमी करा आणि माती-शेणखत-वाळूच्या पिशवीत लावून सावलीत ठेवा. थंडी आणि उन्हाळा त्यानं पिशवीतच काढायचा; एक दिवसाआड पाणी, फेब्रुवारीपासून सकाळचं ऊन. दोन-तीन गुट्या बांधल्या तर त्यातली एखादी फसते, म्हणून मागणाऱ्यांपेक्षा जास्तच बांधा. आणि रोप देताना घेणाऱ्याला खड्डा मेच्या मध्याआधीच काढून ठेवायला सांगा.